खापर फोडायची वेळ येते तेव्हा काय करायचं (आणि फोडून झालं असेल तर)

मार्चचा शेवटचा आठवडा होता, भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी क्यूसीला (माल तपासायला) होते, कंपनीचं नाव घेत नाही. आमच्याकडून गेलेल्या चारशे बुशच्या (पिन बसवायच्या छोट्या नळ्या) लॉटमध्ये कस्टमरकडे पिनच बसेना, बोअर म्हणजे आतलं भोक बारीक निघाला, त्यांची लाईन थांबली. टेबलाभोवती आम्ही सहा जण आणि स्पीकरफोनवर कस्टमर. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ऑपरेटरने फर्स्ट पीस दाखवलाच नाही ना?" (फर्स्ट पीस म्हणजे काम सुरू करताना क्यूसीला तपासायला दाखवायचा पहिला नग.) बघा हं, त्यांनी "दाखवला का" असं विचारलंच नाही. आणि मी म्हणाले, "हो सर… बहुतेक."

त्या "बहुतेक"वर मी नंतर कितीतरी रात्री विचार केलाय, कारण फर्स्ट पीसच्या रजिस्टरमध्ये माझीच सही होती आणि ते मला बोलताना पक्कं माहीत होतं. काकांनी (ऑपरेटर, कंत्राटी, वयाने माझ्या वडिलांएवढे, मला ताई म्हणायचे) पीस आणून दाखवला होता, मी प्लग गेज (बोअरचं माप तपासायची दांडी) घालून बघितला होता आणि ओके केला होता. गेजवरच्या कॅलिब्रेशनच्या (गेजचं स्वतःचं माप बरोबर आहे ना त्या तपासणीच्या) स्टिकरची तारीख उलटून गेलेली, ती मला दिसली होती, पण मार्च एंड आहे, पुढच्या आठवड्यात पाठवू म्हणून मी चालवून घेतलं. गेजची गो साइड (बोअर पुरेसा मोठा असेल तरच शिरायला हवी ती बाजू) झिजलेली, म्हणजे ती बारीक बोअरमध्येपण आरामात शिरायची आणि मला वाटायचं सगळं छान चाललंय. इतकी साधी गोष्ट. संध्याकाळी एट-डी रिपोर्ट (कम्प्लेंट का आली ते कस्टमरला लिहून द्यायचा कागद) टाइप झाला, रूट कॉजच्या खाली लिहिलं "ऑपरेटर निग्लिजन्स", कंत्राटदाराला एक फोन गेला की उद्यापासून याला पाठवू नका. संपलं.

हे सगळं सांगायचं कारण, मी स्वतःला खोटारडी बाई समजत नव्हते कधी. आजही ज्यांना मी हे सांगते त्यांना वाटतं की खोटं बोलणारे लोक वेगळे असतात, ठरवून बोलतात, तसं नसतं हो. दबावाखाली आपण खोटं तयार करतच नाही, ते आधीच कोणीतरी तयार करून टेबलावर ठेवलेलं असतं, आपण फक्त त्याच्यावर सही करतो. त्यामुळे खाली जे लिहितेय ते सगळं त्या सहीच्या आधीच्या पाच मिनिटांबद्दल आहे, आणि थोडं नंतरच्या दिवसांबद्दल.

आधी आपलंच बोलणं ऐका

आपली मराठी या कामात फार मदत करते बरं का. लहान पोराच्या हातून ग्लास गेला की ते म्हणतं "ग्लास फुटला". कोणी फोडला? कोणीच नाही, तो बापडा उभ्या उभ्या आपोआप फुटला. मोठे झालो तरी तेच चालू असतं, मेल राहून गेला, फाईल डिलीट झाली, चेक बाउन्स झाला, दूध उतू गेलं (गेलं खरं, पण गॅससमोरून उठून फोनवर कोण बसलं होतं?). यात व्याकरणाची चूक काहीच नाही, आणि प्रत्येक वेळी असं बोलणारा खोटारडा असतो असंही नाही, पण वाक्यात करणाराच नसला की ती खुर्ची रिकामी राहते आणि मिटिंगमध्ये रिकाम्या खुर्चीवर कोणाला तरी बसवलं जातंच, तिथे सगळ्यात कमी पगाराचा माणूस बसतो, नाहीतर त्या दिवशी जो रजेवर आहे तो.

म्हणून पहिली प्रॅक्टिस घरातल्या घरात करा, आठवडाभर "फुटला"चं "फोडला" करायचं. "सिलिंडर बुक करायचा राहिला" नाही, "मी सिलिंडर बुक केला नाही". ऐकायला किती उद्धट वाटतं ना? पहिले दोन दिवस जीभ अडखळते, नवरा विचारतो तुला काय झालंय. मग सवय होते. ही सवय छोट्या गोष्टीत झाली नाही तर मोठ्या दिवशी तोंडातून आपोआप "राहून गेलं"च बाहेर येणार.

आणखी ऐकायचे शब्द म्हणजे "बहुतेक", "तसं काहीसं", "मला वाटतं त्यांनीच", "म्हणजे तसं बघायला गेलं तर". हे शब्द खरोखर शंका असेल तर अगदी योग्य आहेत. पण माहीत असताना वापरले की ते "नरो वा कुंजरो वा" होतं. युधिष्ठिरसुद्धा तसा पूर्ण खोटं नव्हता बोलला, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता. त्यालापण आजूबाजूच्या आपल्याच माणसांनी गळ घातली होती की एवढं बोल, नाहीतर सगळे मरतो. आणि त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा तो त्या दिवसापासून खाली टेकला म्हणतात.

मिटिंगमध्ये वेळ विकत घ्या

खोटं पहिल्या दहा सेकंदात निघतं. तिथे काही हुशारी करू नका, फक्त वेळ मागा. माझं आता ठरलेलं वाक्य आहे, "सर, रजिस्टर बघून अर्ध्या तासात सांगते." यात कोणावर आरोप नाही, साहेबांना उलट उत्तर नाही, कोणी यावर चिडूपण शकत नाही कारण बघून सांगते म्हणणं हेच तर क्यूसीचं काम. तुमच्या कामात रजिस्टर नसेल तर मेल असेल, व्हॉट्सॲपचं चॅट असेल, सीसीटीव्ही असेल, सोसायटीत मिनिट बुक असेल, काहीतरी असतंच. ते वाक्य आधी पाठ करून ठेवा कारण त्या क्षणाला छाती धडधडत असते आणि डोकं कोरं होतं, तेव्हा नवीन वाक्य सुचत नाही, तयार असलेलंच बाहेर पडतं.

गप्प बसण्याबद्दलपण सांगते. कोणीतरी म्हणालं "ते काकाच तसे आहेत" आणि तुम्ही फक्त पाण्याची बाटली उघडली, तर तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण खोलीतल्या प्रत्येकाने तुमचं मत होकारात मोजलं. फक्त एवढं म्हणा की "मला तसं माहीत नाही". चार शब्द. भांडण होत नाही त्याने.

एक माणूस शोधा, मिटिंगच्या आधी

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमाराला अमेरिकेत एक प्रयोग केला होता, खूप गाजलेला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, कुठली रेघ पहिल्याएवढी ते सांगायचं, पहिलीतलं पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीत एकच माणूस खरा, बाकी सगळे ॲशचे, आणि ते ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे. ज्यांची अशी परीक्षा झाली त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश लोकांनी एकदा तरी गटाची री ओढून डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेबद्दल चुकीचं उत्तर दिलं. आणि तिथे कोणाचं अप्रेझल नव्हतं, होमलोन नव्हतं. तर मग साहेबांसमोर आपलं काय होणार.

पण त्याच प्रयोगाचा मला आवडलेला भाग वेगळा आहे. त्या खोलीत आणखी एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला तर चुकीच्या उत्तरांचं प्रमाण एकदम कोसळायचं, जवळपास पाव राहायचं. एकच माणूस लागतो, अख्खी युनियन नको. म्हणून मिटिंगला जायच्या आधी कोणातरी एकाला गाठा, स्टोअरवाला, मेंटेनन्सवाला, जो असेल तो, आणि कॅन्टीनला चहा घेताना सांगून टाका की असं असं झालंय, गेजची तारीख संपली होती, मी ते बोलणार आहे. त्याने तुमच्यासाठी भांडायची गरज नाही. आता एका माणसाला खरं माहीत आहे म्हटल्यावर तुम्हालाच पलटी मारताना लाज वाटते, हा मुख्य फायदा, बाकी सगळं बोनस.

आणि कधी तुम्ही तो दुसरा माणूस असाल तर प्लीज मोबाईलमध्ये बघत बसू नका.

आपला वाटा आधी, दुसऱ्याचा नंतर किंवा कधीच नाही

बोलायची वेळ आली की क्रम महत्त्वाचा. "काकांची पण चूक होती आणि माझी पण थोडी" असं सुरू केलं की लोकांच्या कानात काकाच राहतात. आधी स्वतःचं, तारखेसकट, एका दमात: "गेजची कॅलिब्रेशन तारीख उलटली होती, मी बघितली होती आणि तरी मी पीस ओके केला." पूर्णविराम. त्यापुढे "पण मार्च एंड होता" जोडायचा मोह होतो, तो खरापण असतो, पण कोणी विचारल्याशिवाय जोडू नका, कारण "पण" आला की माफी तिथेच पातळ होते.

उलट टोकपण टाळा. काही लोक (माझी एक मैत्रीण आहे अशी) दबाव आला की सगळंच स्वतःवर घेऊन टाकतात, माझंच चुकलं, मीच मूर्ख, मला काढून टाका. ते पण खोटंच आहे, फक्त दिसायला छान. त्याने खरं कारण तसंच दडलेलं राहतं आणि वर समोरच्यांना तुमचीच समजूत काढत बसावं लागतं.

सही करायच्या आधी कागद वाचा

आपल्याकडे "ध चा मा करणे" म्हणतात. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला, त्यामागची आख्यायिका अशी की गारद्यांना लिहिलेल्या चिठ्ठीत "धरावे" होतं त्याचं कोणीतरी "मारावे" केलं. ते खरं की खोटं ते इतिहासवाले बघतील, पण अडीचशे वर्षं झाली, खापर आनंदीबाईच्याच डोक्यावर आहे ते काही उतरत नाही. रिपोर्टमध्ये असंच होतं, एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. "गेज झिजलेला" हे "गेज वापरताना निष्काळजीपणा" झालं की वस्तूचा दोष माणसाच्या अंगाला चिकटला, आणि मेलमध्ये गेलेलं खापर वर्षानुवर्षं सर्च केलं की सापडतं.

म्हणून तुमचं नाव ज्या कागदाखाली आहे तो शब्दन् शब्द वाचा आणि शब्द बदलून मागा. "ऑपरेटर निग्लिजन्स"च्या जागी "फर्स्ट पीस तपासला, गेज आउट ऑफ कॅलिब्रेशन" एवढंच लिहा म्हणायचं. बदलत नसतील तर सही करू नका. हे म्हणायला सोपं आहे मला माहितीये. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्याचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनियर थंडीत सांधे बंद ठेवणारे रबराचे ओ-रिंग नीट काम करणार नाहीत म्हणून उड्डाण नको म्हणत होते, नासाकडून दबाव आला, मॅनेजरांनी आपसात बोलून मत फिरवलं. लॉन्चच्या जागेवर कंपनीचा माणूस होता ॲलन मॅकडॉनल्ड, शिफारशीवर सही त्याची लागायची, त्याने नकार दिला, मग ती त्याच्या वरच्याने केली. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. मॅकडॉनल्डने पुढे चौकशी आयोगासमोर खरं सांगितलं, कंपनीने त्याला त्याच्या कामावरून बाजूला केलं, अमेरिकन संसदेतून आवाज उठल्यावर परत आणलं आणि बूस्टर नव्याने डिझाइन करायच्या कामावर तोच प्रमुख झाला. यात एक लक्षात घ्या, सही न करून त्याला उड्डाण थांबवता आलं नव्हतं. तुम्हालापण येणार नाही कदाचित. तुमचं नाव त्या खोट्याच्या खाली नसेल एवढीच गॅरंटी, आणि पुढे कधी कोणी विचारलं तर खरं सांगायला तोंड मोकळं राहतं.

नोकरी जायची भीती असेल तर भर मिटिंगमध्ये हिरोगिरी नको. केबिनमध्ये जा, दार लावा, "सर, मी यावर सही केली आणि ऑडिटला रजिस्टर निघालं तर आपण दोघंही अडकू" असं सांगा. यात थोडा स्वार्थ आहे, असू दे, साहेबांनापण इभ्रत राखून मागे यायला वाट लागते. आणि त्याच दिवशी घरी येऊन वहीत तारीख टाकून चार ओळी लिहून ठेवा, काय झालं, कोण काय म्हणालं, आपण काय म्हणालो. आठवण फार लबाड असते, महिनाभरात तीच आपल्याला सांगायला लागते की काकांनी पीस दाखवलाच नव्हता बहुतेक. माझ्या बाबतीत हे झालंय, दोन आठवड्यांनी मला स्वतःला खरंच शंका यायला लागली होती आणि मी मुद्दाम जाऊन रजिस्टरचं पान उघडून स्वतःची सही बघितली.

तुम्ही साहेब असाल तर तुमच्यासाठी एकच, "कोणी केलं" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. टोयोटाच्या कारखान्यात लाईनवरच्या साध्या कामगारालासुद्धा गडबड दिसली की दोरी ओढून मदत बोलवायची आणि वेळ पडली तर लाईन थांबवायची मुभा असते, ओढली म्हणून त्याला झापत नाहीत. आमच्याकडे दोरी असती तरी कोणी हात लावला नसता.

घरातलं पटकन सांगते. "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" हे पोरांना शिकवायचं बंद करा, आणि पोराने काही फोडलं तर पहिल्यांदा काचा गोळा करायला लावा, ओरडा नंतर. आधी ओरडलं की ते पोर दुसऱ्या वेळी मांजरीचं नाव सांगणार.

आणि फोडून झालं असेल तर

हा भाग बहुतेकांना लागणार आहे. (हे बहुतेक खरं आहे.)

लवकर जा. विमानवाल्यांकडे अमेरिकेत १९७६ पासून एक सिस्टिम आहे, पायलटच्या हातून नकळत नियम मोडला आणि त्याने दहा दिवसांच्या आत स्वतःहून नासाकडे लिहून पाठवलं तर सहसा दंड होत नाही, नावही रिपोर्टमधून काढून टाकतात, म्हणजे माणसं लपवत नाहीत आणि बाकीच्यांना धोका कळतो. अपघात किंवा मुद्दाम केलेलं असेल तर ही सूट नाही. ते दहा दिवस मला फार आवडले. आपल्याकडे कोणी असा नियम लिहून दिलेला नाही पण मनात धरा, पहिल्या दिवशी "सर, सकाळी मी चुकीचं बोलले" हे वाक्य थोडंसं अवघड असतं, चौथ्या दिवशी खूप, महिन्याने जवळजवळ अशक्य, कारण तोवर त्या एका वाक्यावर आणखी सात कागद उभे राहिलेले असतात.

मी चौथ्या दिवशी गेले होते. साहेब म्हणाले, "आता रिपोर्ट गेलाय, कशाला उकरतेस?" मी म्हटलं ठीक आहे सर आणि बाहेर आले, आणि खरं सांगते, बाहेर येताना मला हलकं वाटलं, जसं काही मी माझं कर्तव्य केलं. पहिल्या "बहुतेक"पेक्षा मला या हलकं वाटण्याची जास्त लाज वाटते. गेज तसाच ड्रॉवरमध्ये राहिला, कारण रिपोर्टप्रमाणे दोष माणसाचा होता ना, मग गेज कोण कशाला तपासेल. मे महिन्यात त्याच गेजवर दुसरा लॉट गेला, तीच कम्प्लेंट, मशिनवर नवीन मुलगा. तेव्हा कुठे मी रजिस्टरचं पान आणि गेज दोन्ही घेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि जे मार्चमध्ये एका वाक्यात झालं असतं ते अर्धा तास बोलले. मला वॉर्निंग लेटर मिळालं. बस, एवढंच. एका लेटरला घाबरून मी दोन महिने काढले होते.

ज्याच्यावर ढकललं त्याला भेटायचं असेल तर त्याआधी कागद दुरुस्त करा. तो नुसत्या माफीचं काय करणार, त्याला कामावर नाव खराब झालंय ते साफ करून हवं असतं. मी सुधारलेल्या रिपोर्टची प्रिंट घेतली, कंत्राटदाराला फोन करून चूक माझी होती असं स्पष्ट सांगितलं, मग काकांचा पत्ता मिळवला. ते तोपर्यंत चिखलीच्या एका छोट्या शेडमध्ये लागले होते, पगार आधीपेक्षा कमी. जाताना त्यांच्या सुट्टीच्या वेळेला जा, कामाच्या मध्ये नको, एकटे जा, कारण सांगत बसू नका, आणि त्यांनी माफ करावं म्हणून डोळ्यांत पाणी आणून उभे राहू नका, नाहीतर शेवटी तेच तुमचं सांत्वन करतात. काका पहिल्यापासून फक्त एकच विचारत होते, "ताई, रजिस्टर बघितलं होतंत का त्या दिवशी?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, हातातली प्रिंट उलटी सुलटी करत राहिले, इंग्रजीत होती ती, मी वाचून दाखवली.

आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मिठाई वगैरे नेऊ नका. मी नेली होती, अर्धा किलो. त्यांनी पुडा हातात घेतला, दोरी बघितली, दुकानाचं नाव वाचलं आणि अगदी सहज विचारलं, "पेढे कशाचे, ताई?"